घरचे झोपतात तेव्हा तुझी संध्याकाळ सुरू होते

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू नागपुरातल्या मानेवाड्याची, वय २३, मास्टर्ससाठी जर्मनीतल्या एका छोट्या गावात येऊन तीन आठवडे झाले, होस्टेलमध्ये एकटीची खोली. दिवसा बरं असतं पण संध्याकाळी खोलीवर आली की रडायला येतं, दिवाळीच्या दिवशी तू लॅबमध्ये होती, घरी दिवसातून चार-पाच व्हिडीओ कॉल होतात पण रडते हे आईला सांगितलेलं नाही, आणि मागच्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाशी एक शब्दसुद्धा बोलणं झालं नाही. शेवटी विचारलं आहे, "बाकीचे सगळे राहून राहिले ना, मग मलाच काहून जमत नाही? परत येऊ का?"

मी स्वतः २००९ मध्ये जर्मनीतल्या कासेलला गेले, आठ वर्षं तिकडे राहिले, आता नागपुरात जर्मन शिकवते आणि जाणाऱ्या पोट्ट्यापोट्टींना, त्यांच्या आईवडिलांना, जायच्या आधी बसवून तिकडचं सगळं समजावून सांगते. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न मला येतोच, शब्द तेवढे वेगळे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

सगळ्यात आधी, तुला जमत नाही हे मला पटत नाही. तूच लिहिलं आहे की आन्मेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, दोन आठवड्यांच्या आत करून घेतलं, बँक खातं चालू झालं, इन्शुरन्स झाला, स्वयंपाक करते, लेक्चर चुकवत नाही. म्हणजे कामं जमत आहेत. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा आहे. नागपुरात तू रात्री नऊला घरी आली तर आई दारातच विचारते कुठे होती, समोरच्या काकूंनी गॅलरीतून बघितलेलं असतं, दोन दिवस क्लासला गेली नाही तर मैत्रिणीचा फोन येतो, इतकंच काय तर रोजच्या पोहेवाल्याच्या गाडीवर आठवडाभर दिसली नाही तर तो भाऊसुद्धा म्हणतो "ताई, दिसल्या नाही?" आपण दिसलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि ते इतकं सवयीचं असतं की आपल्याला कळतही नाही. तिकडे तू खोलीचं दार लावलं की संपलं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तू आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. रडू त्याचं येतं. तू कमजोर आहे म्हणून नाही.

आता यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वेगेमध्ये, म्हणजे तीन-चार जण मिळून शेअर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला किचनमध्ये तरी कुणीतरी भेटतं, तुझ्यासारखं एकटीच्या खोलीत ते होत नाही. बर्लिन-म्युनिकला मराठी माणसं शोधायला वेळ लागत नाही, छोट्या गावात लागतो. तुझी जर्मन ए-टू, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची आहे, म्हणजे दुकानात चालेल, गप्पांना पुरणार नाही. पैशाची ओढाताण असेल तर तो वेगळाच भार. आणि स्वभाव, काही जणांना खरंच एकटं छान वाटतं. त्यामुळे "सगळे राहून राहिले" हे मनातून काढ, ते सगळे रात्री खोलीत काय करतात हे तुला दिसत नाही. मला दिसतं, कारण त्यांचेही फोन मलाच येतात.

आता संध्याकाळच का, त्याचं एक अगदी साधं कारण आहे. उन्हाळ्यात जर्मनी आणि भारतात साडेतीन तासांचा फरक असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जाईल आणि फरक साडेचार तासांचा होईल. म्हणजे तू सहाला खोलीवर पोचशील तेव्हा मानेवाड्यात साडेदहा वाजलेले असतील, बाबा झोपलेले, आई ओटा पुसून झोपायच्या तयारीत. तू साडेसात-आठला जेवायला बसशील तेव्हा अख्खं घर झोपलेलं. म्हणजे ज्या वेळी तुला घर सगळ्यात जास्त हवं असतं नेमकं त्याच वेळी घर बंद होतं. त्यात अंधार. नागपुरात डिसेंबरातही साडेपाचपर्यंत ऊन असतं, तिकडे डिसेंबरात चार-सव्वाचारला सूर्य मावळतो आणि दिवस जेमतेम आठ तासांचा राहतो, तोही बऱ्याचदा ढगाळ. आपण ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून उन्हाला शिव्या घालणारी माणसं, ऊन नसलं की अंगाला काय होतं हे आपल्याला माहीतच नसतं. आळस येतो, झोप बिघडते, उगीच उदास वाटतं. म्हणून दुपारी लेक्चरच्या मधल्या वेळात, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चालून ये, खिडकीत बसून ते होत नाही. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या कुणी सांगितल्या म्हणून सुरू करू नको, आधी डॉक्टरला विचार.

माझं सांगते. माझाही तिसराच आठवडा होता आणि रविवारच होता. शेगडीवर कुकरमध्ये वरणाची डाळ लावली आणि म्हटलं दोन शिट्ट्या होईपर्यंत ओल्या कचऱ्याची पिशवी खाली बायोच्या डब्यात टाकून येऊ. पायात स्लीपर, अंगात घरचा गाऊन, दार नुसतं लोटून ठेवलं. जिन्यातली खिडकी कुणीतरी उघडी ठेवली होती, वाऱ्याने माझ्या मागे दार धाडकन बंद झालं. तिकडच्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो, दार बंद म्हणजे बंद. किल्ली आत, फोन आत, कोट आत, आणि आत कुकर. मी दाराला कान लावून उभी, पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चार महिने शिकलेली जर्मन त्या वेळी एका शब्दावर आली, "श्लुसेल", किल्ली.

समोरच्या दारातल्या आजींना तोपर्यंत मी जिन्यात फक्त नमस्कारापुरतं ओळखत होते. त्यांची बेल वाजवली आणि तो एकच शब्द तीनदा म्हटला. त्यांनाही चौथी शिट्टी ऐकू आली, त्यांना वाटलं आत काहीतरी फुटतंय. त्यांनी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला फोन केला. तो आला, पाण्याच्या बाटलीचा कापलेला एक लवचिक तुकडा त्याने दाराच्या फटीत घातला, कुलपाच्या जिभेशी जरा वर-खाली केला आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं. डाळ तळाला लागून काळी झाली होती, घरभर जळका वास. तोपर्यंत मी रडले नव्हते, आजींनी स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या खांद्यावर टाकली तेव्हा रडले.

त्या संध्याकाळी त्या परत आल्या, केक घेऊन, आणि माझ्या खिडकीच्या रोलाडेनकडे, ते बाहेरचं खालीवर होणारं शटर असतं ना त्याच्याकडे, बोट दाखवून काहीतरी सांगत राहिल्या. मला निम्मं कळलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारून नीट समजून घेतलं तेव्हा कळलं की त्या म्हणत होत्या, सकाळी दहापर्यंत तुझं शटर वर गेलं नाही तर मी बेल वाजवणार. त्यांना बिल्डिंगच्या कोपऱ्यावरून माझी खिडकी दिसायची, रोज सकाळी ब्रेड आणायला जाताना. आणि जानेवारीत मला ताप आला, बारापर्यंत शटर खालीच होतं, तर खरंच बेल वाजली. हातात सूपचं भांडं.

तुला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे की पहिल्या दोन महिन्यांत तुला असं निदान एक ठिकाण पाहिजे जिथे तू दिसली नाही तर कुणीतरी विचारेल. एक. मित्रांचा मोठा ग्रुप लागत नाही, बेस्ट फ्रेंड लागत नाही, त्या मागे लागली तर उलट जास्त थकशील कारण तिकडे मैत्री हळू होते. माझ्याकडून गेलेल्या मुलांमध्ये जे नोव्हेंबर-डिसेंबर बऱ्यापैकी काढतात त्यांच्याकडे असं एखादं ठिकाण हमखास असतं, आणि जे मोडतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा फक्त खोली, युनिव्हर्सिटी आणि फोन असतो.

ते शोधायचं कसं? तीन गोष्टी बघ. आठवड्याचा ठरलेला वार पाहिजे, दर वेळी तीच माणसं पाहिजेत, आणि हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणजे तोंडाला भाषा नसली तरी चालतं. पार्टी, वेलकम इव्हिनिंग, शहर-दर्शन यातलं काही या तीन अटींत बसत नाही, तिकडे दर वेळी नवे चेहरे असतात आणि तेच तेच "तू कुठली, काय शिकते" बोलून माणूस अजून एकटा होतो. युनिव्हर्सिटीचं होखशूलस्पोर्ट, म्हणजे खेळाचे वर्ग, बघ, बॅडमिंटनपासून योगापर्यंत सगळं असतं आणि विद्यार्थ्यांना स्वस्त असतं. जर्मनीत सहा लाखांच्या वर नोंदणी केलेली फेराइन आहेत, म्हणजे मंडळं म्हण, गाण्याची, बागकामाची, बुद्धिबळाची, छोट्या गावातसुद्धा पाच-दहा सापडतातच. छोट्या गावाचा हा फायदाच आहे, तिकडे तीच माणसं परत परत भेटतात. नाहीतर मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, किंवा कॅफेत काम धर, परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. शिफ्टला तू आली नाही तर तासाभरात फोन येतो, याहून चांगली सोय नाही. फक्त पहिल्या सेमिस्टरला आठवड्याला आठ-दहा तासांच्या वर घेऊ नको असं माझं मत आहे.

आणि पाच वेळा जा. पहिल्या दोन वेळी "हालो" आणि "च्युस" याच्या पुढे काही होणार नाही, तू म्हणशील ही माणसं थंड आहेत. थंड नसतात, त्यांना वेळ लागतो. आपल्याकडे चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत माणूस घरचं सगळं सांगतो, तिकडे ते चौथ्या-पाचव्या भेटीत सुरू होतं, पण सुरू झालं की टिकतं. आणि ते आपणहून तुझ्या खोलीवर येतील अशी वाट बघू नको, तिकडे न सांगता कुणाकडे जात नाहीत, वेळ ठरवून जातात. तूच म्हण, गुरुवारी सहाला येतेस का माझ्याकडे, पोहे करते. वार आणि वेळ सांगितली की लोक डायरीत लिहितात आणि बरोबर त्या वेळेला दारात उभे राहतात.

आता कॉलचं. चार-पाच कॉल कमी कर, हे तुला कठोर वाटेल. मी कितीतरी जणींचं बघितलं आहे, फोन टेबलावर उभा करून ठेवायचा, तिकडे आईचं किचन दिसतंय, इकडे आपण खोलीत, अंगाने जर्मनीत आणि डोळ्याने मानेवाड्यात, आणि मग आई झोपायला गेली आणि स्क्रीन काळी झाली की ती खोली दुप्पट रिकामी वाटते. दिवसाला एकच कॉल ठेव आणि तो सकाळी ठेव. तिकडचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे बारा, आईचा स्वयंपाक उरकलेला असतो, ती निवांत असते, तूही झोपून उठलेली असते, रडू कमी येतं. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर तुझा दिवस असतो. रात्रीच्या कॉलनंतर फक्त गादी असते.

आईला मात्र सांग. लपवू नको, तिला आवाजावरून कळलेलंच असतं आणि मग ती तिकडे स्वतःच्या मनाने काहीही समजून बसते. पण रडत असताना सांगू नको, सकाळच्या कॉलला सांग, साध्या आवाजात, "आई, मला संध्याकाळी रडू येतं, पण मी जेवते, झोपते, कॉलेजला जाते, तुला माहीत असावं म्हणून सांगते." ती म्हणेल ये परत. म्हणू दे, प्रेमानेच म्हणते. मी पालकांना जायच्या आधी सांगते की पोरगी रडली तर "जेवली का" च्या सोबत दोन प्रश्न अजून विचारा, आज बाहेर किती वेळ होती आणि आज कुणाशी बोलली. तुझ्या आईला हे माझ्या वतीने सांग.

रविवारचं वेगळं सांगते कारण तो तुझ्या प्रश्नातला सगळ्यात जड भाग आहे. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात, आवाज करायचा नसतो, काचेच्या बाटल्या टाकायलासुद्धा जायचं नसतं. रविवार म्हणजे घरच्यांचा दिवस असं त्यांचं आहे आणि तुझ्या घरचे तिकडे नाहीत, म्हणून तो दिवस अंगावर येतो. आपला रविवार कसा असतो, सकाळी तर्री पोहे, दुपारी सावजी नाहीतर वडाभात, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर, सगळीकडे गर्दी. तिकडे रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्यामुळे रविवार शनिवारीच ठरवायचा. दूध, ब्रेड, कांदे, आलू शनिवारी आणून ठेव. सकाळचा स्वयंपाक मोठा कर, चार दिवसांची भाजी एकदम, हात गुंतलेले राहतात. अकराला बाहेर पड, जंगलातली पायवाट प्रत्येक गावाला असतेच, तिकडे सगळे रविवारी चालायलाच जातात आणि समोरून येणारा माणूस मान हलवून नमस्कार करतो, तेवढंही पुरतं कधीकधी. आणि दुपारी चारला, अंधार पडायच्या वेळी, खोलीत नसशील असं काहीतरी धर. कॅफे उघडे असतात, चर्चमध्ये फुकट संगीत असतं, लायब्ररी उघडी असेल तर तिकडे.

स्वयंपाकाचं तू विचारलं नाही पण तरी, लाल मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये "रोटे लिन्सेन" म्हणून मिळते, वीस मिनिटांत शिजते, कुकर नको. पोळीसाठी तिकडचा मैद्यासारखा ४०५ नंबरचा आटा घेऊ नको, १०५० घे किंवा आशियाई दुकानातून गव्हाचा आटा आण, सांबार, म्हणजे कोथिंबीरही तिकडेच मिळेल. फोडणी देताना खिडकी उघड, स्मोक अलार्म लगेच ओरडतो. आणि लेटरबॉक्सवर तुझं नाव चिकटवलं आहे का बघ, तिकडे पोस्टमन खोली नंबरवर नाही, नावावर पत्र टाकतो, नाव नसलं तर पत्र परत जातं. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, एका घराला एक, टीव्ही नसला तरी द्यावी लागते, फसवणूक समजून फेकू नको.

आता जे हलक्यात घ्यायचं नाही ते. संध्याकाळी रडू येणं, घरची आठवण येणं, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतंच आणि बहुतेकांचं हळूहळू उतरतं. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, अंघोळ करावीशी वाटत नसेल, लेक्चर सुटायला लागली असतील, किंवा जगून काय करायचं असं एकदाही मनात आलं, तर हे माझ्या सल्ल्यांचं काम नाही. श्टुडिअरेंडेनवेर्क, जे होस्टेल आणि मेन्सा चालवतं, त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं, पैसे लागत नाहीत असं बहुतेक ठिकाणी आहे, इंग्रजीत बोलणारंही बऱ्याचदा मिळतं. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. जिवाचा धोका असेल तर ११२. आणि रात्री नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेलिफोनझेलझोर्गे, ०८०० १११०१११, फुकट आहे, चोवीस तास. फोन करायला लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण ताप आला तर डॉक्टरकडे जातोच ना.

परत येऊ का? मी सगळ्यांना राहाच असं सांगत नाही. एका मुलीला मीच परत ये म्हटलं होतं, तिला आधीही त्रास होऊन गेला होता, औषधं चालू होती ती तिकडे जाऊन बंद केली आणि महिनाभर झोप नव्हती. ती आली, बरी झाली, इथेच नोकरी करते, तिचं काही वाया गेलं नाही. पण तुझ्या लिहिण्यात तसं मला काही दिसत नाही, तू जेवते, झोपते, काम करते. तुझ्यासाठी माझं म्हणणं असं की हा निर्णय रात्री घ्यायचा नाही आणि नोव्हेंबरात घ्यायचा नाही. फेब्रुवारीत परीक्षा होऊ दे, दिवस मोठे व्हायला लागतात, तेव्हा दुपारी, पोट भरलेलं असताना कागदावर लिही की कोर्स आवडतो का, पैशाचं जुळतंय का, आणि एक तरी माणूस असा आहे का जो मी दिसले नाही तर विचारेल. तिन्हींचं उत्तर "नाही" असं आलं तर परत यायचं ठरव, मी स्वतः तुझ्या आईबाबांशी बोलेन.

या आठवड्यात मात्र दोनच कामं कर. होखशूलस्पोर्टच्या पानावर जाऊन एका वाराला नाव नोंदव, कोर्स भरले असतील तर वेटिंगवर टाक आणि पहिल्या दिवशी तशीच जाऊन उभी राहा, बऱ्याचदा घेतात. आणि खोलीची दुसरी किल्ली करता येते का होस्टेलच्या ऑफिसात विचार, मिळाली की तुझ्या मजल्यावर जी कुणी तुला दोनदा तरी हसून "हालो" म्हणाली असेल तिच्याकडे जा आणि विचार की ही तुझ्याकडे ठेवते का, आणि तुझी माझ्याकडे ठेवू का. रविवारी रात्री किल्ली आत राहिली तर कुलूपवाला काहीशे युरो घेतो, त्यामुळे ती नाही म्हणणार नाही.